सहा माणसांची पाटी

आमच्या बिल्डिंगमधले इन्स्पेक्टर गेले तेव्हा सोसायटीने त्यांचा शोकठराव एकमताने मंजूर केला. त्यात त्यांचा उल्लेख 'मनमिळाऊ गृहिणी आणि सुगरण' असा होता. आदल्या वर्षी तळमजल्यावरच्या आजी गेल्या होत्या, त्यांचाच ठराव नाव बदलून वाचला. सगळे दोन मिनिटं माना खाली घालून उभे राहिले, 'मंजूर, मंजूर' म्हणाले आणि बटाटेवड्यांकडे वळले. मी एकटीच फसकन हसले. शेजारच्या बाईंना वाटलं मला हुंदका आला, त्यांनी पाठीवरून हात फिरवला. इन्स्पेक्टर असते तर उठून म्हणाले असते, "एक हरकत आहे. मला साधा वरणभातसुद्धा येत नाही."

मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी, सात मजले, चाळीस घरं. इन्स्पेक्टर म्हणजे पोलीस नव्हेत, सरकारी लिफ्ट इन्स्पेक्टर. बत्तीस वर्षं त्यांनी मुंबईतल्या लिफ्टचे दोर आणि ब्रेक तपासले आणि रिटायर झाल्यावर माणसं तपासायला घेतली. लिफ्टमध्ये चार जण असले की पाचव्याला गंभीरपणे विचारायचे, "आपलं वजन?" बायकांनाही विचारायचे. सहाव्या मजल्यावरच्या एक गुजराती बेन त्यांच्या धसक्याने जिना चढायला लागल्या आणि सहा महिन्यांत बारीक झाल्या. श्रेय मात्र योगाच्या क्लासला मिळालं.

लिफ्टमध्ये 'सहा माणसं' अशी पाटी असते ना, तिच्यावर या माणसाने आपलं अख्खं राजकारण टांगलं होतं. आमचे चेअरमन स्वभावाने चांगले आहेत हो, असं कुणी म्हणालं की हे म्हणायचे, "सातवा माणूस संत असला म्हणून दोर त्याला सूट देत नाही." सरकार असो, महापालिका असो की सोसायटीची कमिटी, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: पाटी कुठाय? म्हणजे तुम्हाला अधिकार किती आणि तो लिहिलाय कुठे, ते दाखवा. "घटना म्हणजे दुसरं काय गं? राज्य करणाऱ्यांसाठी लावलेली पाटी. आणि ती वाचायची कोणी? आपण. लिफ्ट स्वतः थोडीच वाचते?"

घटना आणि सोसायटीचे बायलॉज, दोन्ही ते साडीच्या दुकानातल्या एकाच पिशवीत ठेवायचे. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, चेअरमनचं भाषण झालं, की जिलेबी वाटायच्या आधी इन्स्पेक्टर पुढे व्हायचे आणि एक कलम वाचायचे. दरवर्षी एक. घटनेत कलमं चारशेच्या आसपास. माझ्या नवऱ्याने हिशोब केला आणि म्हणाला, आपल्या पणतवंडांच्या पणतवंडांनाही जिलेबी गारच मिळणार.

घरीसुद्धा तीच तऱ्हा. काकू स्वयंपाकघरात असल्या की हे उंबऱ्यावर थांबून विचारायचे, "येऊ का?" काकूंचं उत्तरही ठरलेलं: "या हो, चाळीस वर्षं झाली, अजून काय विचारता?" मुलीच्या नावाने आलेलं पाकीट त्यांनी जन्मात फोडलं नाही. बँकेचं असो, परीक्षेच्या निकालाचं असो. त्यांचा बाप गिरणीत कामाला, परळच्या चाळीत एका खोलीत नऊ माणसं वाढलेली. "आमच्याकडे दार लावायची सोयच नव्हती," ते एकदा म्हणाले होते, "म्हणून मला दाराची किंमत कळली."

आता माझं सांगते. मी तेव्हा कमिटीत होते. कमिटीत बायकांसाठी राखीव जागा असते, तिथे कुणी उभं राहायला तयार नव्हतं, म्हणून मला बसवलं. माझी कामं दोन. मीटिंगला वडे आणि वेफर सांगायचे, आणि अक्षर बरं म्हणून मिनिट्स लिहायचे. कमिटी म्हणजे आम्ही सात जण, पण खरं म्हणजे चेअरमन. त्यांचे कोचिंग क्लास होते, त्यामुळे समोर माणूस दिसला की त्यांना तो नापास होणारा विद्यार्थीच वाटायचा. माणूस वाईट नव्हता. आमच्या सासूबाईंना अटॅक आला तेव्हा पहाटे त्यांनीच गाडी काढली होती. पण त्यांना आमचं भलं करायची फार हौस, आणि आम्हाला करून घ्यायची. रस्त्यावरून दिसतील असे कपडे वाळत घालू नयेत. पाहुण्यांनी गेटवर फोटो द्यावा. भाडेकरूंनी टेरेसवर जाऊ नये. कामवाल्या बायकांनी लिफ्ट वापरू नये. प्रत्येक नोटिशीखाली लिहिलेलं असायचं, 'आदेशावरून'. इन्स्पेक्टर लाल पेनने 'आदेश' खोडून 'विनंती' लिहायचे आणि खाली विचारायचे, 'कोणत्या बायलॉखाली?' चेअरमन ती नोटीस काढून नवी लावायचे. इन्स्पेक्टर पुन्हा खोडायचे. एका वर्षी आमचा कागदाचा खर्च सोसायटीच्या रंगकामापेक्षा जास्त झाला असेल.

हे सगळे नियम पास कसे व्हायचे, ते सांगायला हवं. सोसायटीच्या वार्षिक सभेला वीस सभासद लागतात. ते वेळेवर कधीच जमत नाहीत. मग सभा अर्धा तास तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच खुर्च्यांवर पुन्हा भरते, तेव्हा कितीही डोकी चालतात. हे सगळ्यांना पाठ असल्यामुळे सगळे मुद्दाम अर्ध्या तासानेच येतात. तोवर वडे आलेले असतात. मग चेअरमन ठराव नंबर एक म्हणतात, आपण मंजूर म्हणतो, ठराव नंबर दोन म्हणतात, आपण मंजूर म्हणतो. आम्ही आमचं सगळं स्वातंत्र्य असं गरम वड्यांच्या वासात, एकमताने घालवलं. कुणी हिसकावून घेतलं असं निदान मला तरी म्हणता येणार नाही.

याच गोष्टीवर इन्स्पेक्टरांनी एक प्रयोग करायचं ठरवलं. त्यांनी सभेसाठी स्वतःच एक ठराव दिला, सरकारी मराठीत, लांबच लांब वाक्याचा. मीच तो टाईप केला. वाचला नाही. चटणी हिरवी सांगायची की लाल, या विचारात होते. सभेत चेअरमननी तो धाडधाड वाचला, हात वर झाले, मंजूर. इन्स्पेक्टर सूचक, म्हणजे ठराव मांडणारे, म्हणून त्यांचं नाव मी मिनिट्समध्ये लिहिलं. मग ते उठले आणि म्हणाले, "आत्ता तुम्ही काय मंजूर केलंत, ते हळू वाचतो."

ठराव असा होता की प्रत्येकाने आपल्या घराची एक चावी सोसायटीत जमा करावी, आणि कमिटीला योग्य वाटेल तेव्हा कुणाच्याही घरात शिरून पाहणी करता यावी, फ्रीजसकट.

इन्स्पेक्टर शांतपणे सगळ्यांकडे बघत उभे राहिले. त्यांना वाटलं असणार, आता लाज वाटेल, आता कुणीतरी म्हणेल, अरे, हे काय करून बसलो आपण. मागून चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "पण काका, आयडिया वाईट नाही हं. भाडेकरूंवर जरा वचक राहील." दुसरे म्हणाले, "गॅस लीक वगैरे झाला तर बरं." चेअरमन तर गहिवरले. म्हणाले, "काका आपल्याला नेहमी विरोध करतात, पण आज त्यांनी सोसायटीला दिशा दिली. फ्रीजचं आपण दुसऱ्या टप्प्यात बघू." टाळ्या झाल्या. इन्स्पेक्टर टाळ्या संपेपर्यंत उभेच होते, मग खाली बसले. त्या दिवशी त्यांनी वडा खाल्ला नाही.

पंधरा दिवसांत ऑफिसात खिळ्यांचा बोर्ड लागला आणि एकोणचाळीस चाव्या टांगल्या गेल्या. चाळीसावी इन्स्पेक्टरांची. ते द्यायला तयार नव्हते. चेअरमन हसून म्हणायचे, "अहो, ठराव तुमचाच ना?" मीही चावी दिली. का दिली, विचाराल तर माझ्याकडे चांगलं कारण नाही. आम्ही बाल्कनी आत घेऊन किचन वाढवलंय, आणि नकाशात ते नाही. चेअरमनना ते माहीत आहे. त्यांनी कधी धमकी दिली नाही, फक्त अधूनमधून विचारायचे, "काय मॅडम, किचन मोठं झाल्यावर बरं वाटतं ना?"

तीनशेतीनमध्ये सिल्व्हिया भाड्याने राहायची. भाईंदरजवळच्या उत्तनची मुलगी, घाटकोपरला एका हॉस्पिटलात नर्स, रात्रपाळी करून सकाळी यायची आणि दिवसा झोपायची. मालक नाशिकला. एकदा तिच्या दाराबाहेर पुरुषाच्या चपला दिसल्या आणि कमिटीकडे तक्रार आली. तो तिचा भाऊ होता, आईने दिलेले सुके बोंबील घेऊन आला होता. ते आम्हाला नंतर कळलं. आधी विचारायचं कुणाला सुचलं नाही, चावी होती ना. चेअरमन म्हणाले, पाहणी करू, आणि लेडीज घरात लेडीज मेंबर बरोबर हवी, कायद्याने चाललं पाहिजे.

दुपारी तीनची वेळ. वॉचमनने कुलूप उघडलं. पडदे ओढलेले, पंखा फुल स्पीडवर, आणि ती समोरच कॉटवर झोपलेली. आम्ही तिघं उभे. तिने डोळे उघडले आणि ओरडली वगैरे नाही. चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि माझ्याकडे बघत राहिली. बाकीच्या दोघांकडे नाही, माझ्याकडे. चेअरमन म्हणाले, "घाबरू नका, रूटीन आहे." आणि फ्रीज उघडला. म्हणजे दुसरा टप्पाही त्याच दिवशी सुरू झाला. आणि मी काय केलं? हातात रजिस्टर होतं, कुठेतरी बघायला हवं होतं, म्हणून मी लिहिलं: 'पंखा चालू. बोंबील, एक डबा.' आजही ती ओळ माझ्या अक्षरात तिथे आहे. चेअरमननी खाली शेरा मारला, 'आक्षेपार्ह', आणि नाशिकला मालकाला कळवलं, महिनाअखेर खोली खाली करून घ्या.

संध्याकाळी इन्स्पेक्टर माझ्या दारात. मला वाटलं, आता फैलावर घेणार. त्यांनी फक्त मिनिट्सचं बुक मागितलं. सोफ्यावर बसून स्वतःचा ठराव वाचला, खाली 'सूचक' म्हणून स्वतःचं नाव वाचलं. मी चहा ठेवला तो तसाच राहिला. मग मालवणीत म्हणाले, "ह्या माझ्याच हातान झाला गो." एरवी ते शुद्ध बोलायचे, गावची भाषा फक्त फार लागलं की यायची. मला त्यांची दया आली आणि रागही आला. एवढा हुशार माणूस, आणि लोकांना लाज वाटेल यावर भरवसा ठेवून बसला.

तिथून ते तीनशेतीनवर गेले. तिने आत या म्हटलं तरी आत गेले नाहीत. दारातच उभं राहून माफी मागितली आणि पुढे काय करता येईल ते समजावलं. ठराव रद्द करायला खास सभा बोलवावी लागेल, त्याला आठ सभासदांच्या सह्या. ठराव रद्द झाला की पाहणी रद्द, पाहणी रद्द झाली की शेरा रद्द. मालकाशी ते स्वतः फोनवर बोलले. मालक म्हणाला, मला पोरीचा त्रास नाही, शेरा गेला तर राहू दे तिला.

आठ सह्यांना त्यांना तीन आठवडे लागले. कारण आमच्याकडे प्रत्येकाच्या घरात काहीतरी एक असतंच. कुणाची ग्रिल बाहेर आलेली, कुणाचं शू-रॅक पॅसेजमध्ये, कुणाचा कुत्रा. "काका, तुमचं बरोबर आहे, पण माझं नाव नको," हे त्यांनी किती वेळा ऐकलं असेल. सातव्या मजल्यावरच्या एका आजींनी पाण्याची तक्रार समजून लगेच सही केली. दुसरा कुणी असता तर कागद उचलून पळाला असता. इन्स्पेक्टर खाली बसले, त्यांना सगळा कागद वाचून दाखवला, सही खोडली आणि विचारलं, "आता करणार का?" आजी म्हणाल्या, "अरे मेल्या, आधी सांगायचंस ना," आणि पुन्हा केली. माझ्याकडे मात्र ते आलेच नाहीत. मीच जिन्यात विचारलं. म्हणाले, "तू कमिटीत आहेस, उगाच अडचणीत येशील." हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच मग रात्रभर चीड आली.

सभा रविवारी सकाळी दहाला ठरली. आता इथे बायलॉची दुसरी गंमत. कमिटीने बोलावलेल्या सभेला वीस जण नाही आले तर अर्ध्या तासाने कितीही चालतात. पण सभासदांनी मागून घेतलेल्या खास सभेला अर्ध्या तासात वीस जण नाही आले, तर ती सभाच रद्द. म्हणजे आम्ही झोपलो तर कमिटीला चालतं, आणि जागे व्हायचं तर घड्याळ लावून. चेअरमननी त्या दिवशी वडे सांगू नका म्हणून मला बजावलं. आणि कमिटीच्या सातही जणांनी आत न जाता हॉलबाहेर उभं राहायचं ठरलं, म्हणजे आकडा भरायला नको. "आत न येण्याचं स्वातंत्र्य आम्हालाही आहे की," चेअरमन हसत म्हणाले. आता मात्र घटना आठवली त्यांना.

मी दारातच होते. हजेरीचं रजिस्टर आतल्या टेबलावर, मी उंबऱ्याबाहेर. वडे नसतानाही माणसं येत होती, याचं मला खरंच आश्चर्य वाटत होतं. चौथ्या मजल्यावरचे ते 'आयडिया वाईट नाही' म्हणणारे गृहस्थसुद्धा आले, बायकोने ढकललं असणार. मागच्या खुर्चीवर सिल्व्हिया बसली होती. रात्रपाळी करून थेट आलेली, डोळे लाल. दहा पंचवीसला मोजलं तर एकोणीस.

"काका, तुमच्या मुलीची सही ठोका," कुणीतरी म्हणालं, "डोंबिवलीलाच तर आहे."

"ती सभासद नाही. आणि आलेलीही नाही."

"मग हिला धरा ना. हिच्यासाठीच तर चाललंय सगळं." त्याने सिल्व्हियाकडे बोट दाखवलं. "बसलीय की समोर. झाले वीस."

इन्स्पेक्टरांनी तिच्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा मला दारातून दिसत होता, एवढासा झाला होता. "ती भाडेकरू आहे," ते म्हणाले. "मोजता येणार नाही."

"अहो, एका माणसाने काय बिघडतंय?"

"कमिटीने आपली मर्यादा मोडली म्हणून आपण इथे बसलोय ना? मग आपण आपली कशी मोडायची?"

बाहेर चेअरमन घड्याळ बघत होते. मला ठाऊक होतं, इन्स्पेक्टर मला बोलावणार नाहीत. त्यांच्या मते माझी मर्जी ही माझी मर्जी, त्यात शिरायचा त्यांना अधिकार नव्हता. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला होता. अरे, एकदा हाक मारा की मला. एकदा रागवा. मी काय, कुणी सांगितलं की करणारी बाई आहे. आयुष्यभर तेच तर केलंय.

दहा अठ्ठावीसला सिल्व्हिया उठली. आपल्याला मोजत नाहीत म्हटल्यावर बसून तरी काय करायचं, म्हणून निघाली असेल. दारात मी आडवी, म्हणून थांबली. आवाज चढवला नाही तिने, अगदी साधं विचारलं.

"ताई, त्या दिवशी न बोलावता आत आलात. आज का नाही?"

मागून चेअरमन म्हणाले, "मॅडम, तुमच्या किचनचं जरा—" पुढचं मी ऐकलं नाही. आत गेले, टेबलाशी वाकले, सही केली. इन्स्पेक्टर आभार मानतील असं मला वाटलं होतं. त्यांनी घड्याळ बघितलं, वीस आकडा लिहिला आणि म्हणाले, "बस. आधी ठराव वाचतो, नीट ऐकायचा."

ठराव रद्द झाला. सोळा हात वर, चार खाली. त्याच सकाळी ज्याने त्याने खिळ्यावरची आपापली चावी काढून नेली, तिघंचौघं तर दुसऱ्याचीच घेऊन गेले आणि दुपारभर मजल्यामजल्यांवर अदलाबदल चालली. माझ्या किचनबद्दल नोटीस आली, ती लढाई अजून चालू आहे. सिल्व्हिया तीनशेतीनमध्येच आहे. लिफ्टमध्ये भेटली की हसते, सासूबाईंचं बीपी विचारते, सणाला मला केकसुद्धा आणून देते, माझ्या दारात. तिच्या घरी मात्र मला अजून एकदाही ये म्हणालेली नाही. बरोबरच आहे तिचं.